जुन्या वखारीचं राहतं घर करताना: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

सांगलीच्या वखारभागात, किंवा तशाच कुठल्याही जुन्या व्यापारी पेठेत, आजोबांच्या काळातली एखादी वखार कुलूप लावून पडलेली असते. धंदा मार्केट यार्डात गेला, जागा गावाच्या मध्यात राहिली. जाड भिंती, उंच छप्पर, सागवानी तुळया. तिथं घर करावंसं वाटतं ते रास्तच आहे. पण गवंड्याला बोलावण्याआधी एक लक्षात घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही ‘विकास’ समजला जातो. म्हणजे बाहेरची एक वीट न हलवता गोदामात संसार थाटला, तरी महापालिकेची परवानगी लागते. ती नसेल तर कलम 52 खाली गुन्हा होतो आणि कलम 53 ची, म्हणजे अनधिकृत बदल काढून टाकण्याची, नोटीस येऊ शकते.

अर्ज मालकानं करायचा. इथंच बहुतेक घराण्यांचं घोडं अडतं, कारण मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचंच नाव असतं. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घ्या आणि सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणीही त्यात आल्या. हे काम सर्वांत आधी करा. बाकीची घाई त्यानंतर. तुम्ही भाडेकरू असाल तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय वापर बदलू नका, जागा सोडायची वेळ येऊ शकते. बाजार समितीचा किंवा एमआयडीसीचा गाळा असेल तर भाडेपट्ट्यातली वापराची अट पाहा. तो पट्टा व्यापारासाठी किंवा उद्योगासाठीच दिलेला असतो आणि महापालिकेकडे जाऊन ती अट सुटत नाही.

मग नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. निवासी आणि वाणिज्य झोनमध्ये घर चालतं. औद्योगिक झोनमध्ये वेगळ्या अटी लागतात. रस्तारुंदीची रेषा इमारतीतून जाते का, तेही त्याच नकाशावर दिसतं. सांगलीसारख्या नदीकाठच्या गावात निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या माणसाला याचं कारण सांगायला नको. पोती वरच्या मजल्यावर हलवता येतात, रात्री झोपलेली म्हातारी माणसं आणि लेकरं तितक्या सहज हलवता येत नाहीत.

कागदांत सगळ्यांत मोलाचा असतो तो जुना मंजूर नकाशा. घरात सापडला नाही तर महापालिकेकडे नक्कल मागा, गरज पडल्यास माहिती अधिकारात अर्ज करा. त्या नकाशात नसलेला पोटमाळा किंवा मागची पत्र्याची शेड अनधिकृत धरली जाते. ती आधी नियमित करा, नाहीतर काढा. याशिवाय खरेदीखत व सूची क्रमांक 2 (दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), चालू मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मालमत्ता कर भरल्याची पावती आणि परवानाधारक संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचना तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार तशीही बंधनकारकच आहे. वास्तू वारसा यादीत असेल तर वारसा समितीची संमतीही घ्यावी लागते.

खरी कसोटी नव्या नकाशाची. वखार मालासाठी बांधलेली असते: तोंड अरुंद, आतली लांबी भरपूर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. माल अंधारात राहिला तरी चालतो, माणसाला उजेड आणि वारा लागतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार (मुंबईला ती लागू नाही, तिथं ‘डीसीपीआर 2034’ ही वेगळी नियमावली आहे) राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर हवी आणि खिडकी मोकळ्या जागेवर उघडायला हवी. मधल्या अंधाऱ्या खणात आखलेली झोपायची खोली मंजूर होत नाही, व्हायलाही नको. अशा वेळी छपराचा मधला भाग उतरवून चौक काढणं हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. क्षेत्र थोडं घटतं, पण मागच्या खोल्यांना आभाळ मिळतं. आपल्या जुन्या वाड्यांनी हेच केलं होतं. तुळया काढण्याआधी अभियंत्याकडून भार तपासून घ्या.

अर्ज वास्तुविशारदामार्फत बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीत जातो. छाननी, जागेची पाहणी, मग शुल्काचं चलन. विकास शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या, दरावर ठरतं. कायद्यात निर्णयाला 60 दिवसांची मुदत आहे, पण त्रुटी निघाली तर वेळ वाढतो. मुदत उलटली की परवानगी मिळालीच असं गृहीत धरून काम काढू नका; प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची लेखी परवानगी) हातात घ्या. काम झालं की भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) घ्या. ते नसेल तर पुढं विक्री करताना आणि खरेदीदाराला गृहकर्ज मिळताना अडचण येते.

त्यानंतर कर विभागात फेरआकारणीचा अर्ज द्या, नाहीतर बिगरनिवासी दरानं बिलं येत राहतील. नळजोडणीचंही तसंच. महावितरणकडं वीजदराची वर्गवारी बदलण्याचा अर्ज करा. जुनी दुकान नोंदणी आणि जीएसटीतला तिथला पत्ता मात्र आधी रद्द करून ठेवा, कारण त्या नोंदी दिसल्या तर जागेत अजून व्यापार चालतो असा अर्थ निघू शकतो.