आरोग्य उपकेंद्राला सौर वीज हवी आहे? अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा आणि त्यात काय लिहायचं

दुर्गम भागातल्या एका उपकेंद्रात मी गेले होते. आदल्या रात्रीचं बाळंतपण मोबाइलच्या टॉर्चवर झालं होतं. सकाळी सिस्टरांनी कपाट उघडून दाखवलं: चार बॅटऱ्या, पोट फुगलेलं, टर्मिनलवर हिरवट क्षार जमलेला. छतावरची सौर पॅनेल मात्र धडधाकट होती. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर कोणी घालायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणीच घातलं नाही.

तेव्हापासून सौर यंत्रणेचा अर्ज भरायला कोणी मदत मागितली की मी आधी एवढंच सांगते: मंजुरी मिळते. पण रात्री दोन वाजता दिवा लागेल की नाही, ते अर्जाच्या मजकुरावर ठरतं.

अर्ज कोण करू शकतं

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे सरपंच किंवा गावकरी थेट यंत्रणा मागू शकत नाहीत, पण मागणीची सुरुवात तिथूनच व्हावी. प्रस्ताव वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामीण रुग्णालयाचा प्रस्ताव मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातो, जिल्हा परिषदेकडे नाही. या एका चुकीपायी फाइल महिनोन्‌महिने चुकीच्या टेबलावर पडून राहते.

घरांसाठी असलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान आरोग्य केंद्राला मिळत नाही. गावोगावी हा प्रश्न विचारला जातो म्हणून स्पष्ट लिहिते: ते फक्त निवासी ग्राहकांसाठी आहे.

बिल वाचवायचं आहे की लाइट टिकवायची आहे?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लावलेली, बॅटरी नसलेली रूफटॉप यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते, भर दुपारी ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. शहरातल्या कार्यालयाला ही यंत्रणा ठीक आहे. पण अक्कलकुवा, धारणी किंवा भामरागडसारख्या तालुक्यात, जिथे पावसाळ्यात झाड पडलं की लाइन दिवसच्या दिवस बंद असते, तिथे ती नेमकी गरजेच्या वेळी कामाला येत नाही.

म्हणून प्रस्तावात 'सौर पॅनेल बसवणे' असं मोघम लिहू नका. वीजजोडणी असेल तर 'बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा' (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) लिहा. जोडणीच नसेल तर 'बॅटरीसह ऑफ-ग्रिड यंत्रणा' लिहा.

हायब्रिड यंत्रणेला नेट मीटर हवा असेल तर महावितरणकडे ग्राहक क्रमांकासह ऑनलाइन अर्ज करावा लागतो. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या यंत्रणेसाठी ती तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी. यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी असेल तर भारवाढीचंही पाहावं लागतं, म्हणून बिलावरचा मंजूर भार (जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट) आधी वाचा. ऑफ-ग्रिड यंत्रणेला नेट मीटरचा अर्ज लागतच नाही.

भारपत्रक: प्रस्तावाचा कणा

किती किलोवॅट हवेत हे ठेकेदाराला विचारू नका. सिस्टरांसोबत बसा, एकेक उपकरण मोजा आणि किती वॅट, दिवसाला किती तास, हे मांडा. नमुना म्हणून एका उपकेंद्राचा हिशोब देते.

९ वॅटचे आठ एलईडी दिवे सहा तास म्हणजे ४३२ वॅट-तास. ३० वॅटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास म्हणजे १,२००. ६०० वॅटचा रेडिअंट वॉर्मर (नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र) तीन तास, १,८००. ३५० वॅटचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) चार तास, १,४००. लॅपटॉप, मोबाइल आणि सक्शन मिळून ३००. बेरीज ५,१३२, म्हणजे दिवसाला साधारण ५ युनिट (१,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट).

स्वच्छ उन्हात १ किलोवॅटची पॅनेल दिवसाला सुमारे ४ युनिट देतात. त्या हिशोबाने सव्वा किलोवॅट पुरेसं वाटेल, आणि बहुतेक प्रस्ताव इथेच चुकतात. ढगाळ दिवसांत उत्पादन निम्म्याच्याही खाली जातं आणि वीज जाण्याचे दिवसही तेच असतात. त्यामुळे २ किलोवॅटच्या खाली येऊ नका, आणि भरपावसाचा भाग असेल तर ३ मागा. बॅटरीचा हिशोबही मांडा: लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये १० टक्के वाया जाते असं धरलं, तर एका दिवसाच्या साठ्यासाठी साधारण ७ युनिटची बॅटरी लागते, म्हणजे ४८ व्होल्ट, १५० अँपिअर-तास.

ट्युब्युलर (पाणी घालावी लागणारी लेड-अ‍ॅसिड) बॅटरी स्वस्त असते, पण तिला दर महिन्याला पाणी पाहावं लागतं आणि ती तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. जिथे पोहोचायला अर्धा दिवस लागतो, तिथे लिथियमचा जास्तीचा पैसा वसूल होतो, हे माझं ठाम मत आहे. ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र) २ किलोवॅटच्या आसपास ओढतो. त्याला बॅटरीवर घेऊ नका. तो दुपारी उन्हावर चालवावा आणि तसं लिहूनही ठेवावं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा साठाही असतो. आयएलआरमध्ये (लसी ठेवायच्या खास फ्रिजमध्ये) तापमान २ ते ८ अंशांतच राहायला हवं. ज्या केंद्रात वीज अगदीच बेभरवशाची आहे, तिथे थेट उन्हावर चालणारा सौर फ्रिज मागता येतो. तो बॅटरीऐवजी बर्फात थंडावा साठवतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ऊन नसतानाही किमान तीन दिवस तग धरतो. त्याची पॅनेल स्वतंत्र असतात. त्यावर मोबाइलचा चार्जरसुद्धा जोडायचा नाही.

कागदपत्रं

वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मागणीपत्र, वरचं भारपत्रक, शेवटची वीजबिलं, इमारतीचा ग्रामपंचायत नमुना ८ चा उतारा किंवा जागेचा सातबारा, छताचे आणि परिसराचे फोटो, आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा छत भार पेलेल असा दाखला. पत्र्याचं छत असेल तर हा दाखला विशेष काळजीने घ्या. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, त्यामुळे दक्षिणेकडे झाड असेल तर फोटोत दाखवा, लपवू नका.

यासोबत दोन कागद असे जोडा, जे कोणी मागत नाही पण फाइलला वजन देतात. पहिला म्हणजे लाइट जाण्याची नोंदवही. महिनाभर तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि त्या वेळी चालू असलेलं काम एवढंच लिहायचं. 'दि. १४, रात्री ११.२० ते पहाटे ४.०५, बाळंतपण' अशी एक ओळ पानभर विनंतीपेक्षा जास्त बोलते. दुसरा म्हणजे छत्तीसगडचा दाखला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वीजटंचाई असलेल्या, सौर नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत सौर केंद्रांत महिन्याला ५० टक्क्यांहून जास्त रुग्ण दाखल झाले आणि बाळंतपणं जवळपास दुप्पट झाली.

जागा वनजमिनीवर असेल तर

छत कमकुवत असल्यानं पॅनेल जमिनीवर लावायची आहेत आणि जमीन वनखात्याची आहे, अशी अडचण मेळघाटात आणि गडचिरोलीत नेहमी येते. म्हणून प्रस्ताव सोडून देऊ नका. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये १३ सार्वजनिक सोयींची यादी आहे. त्यात दवाखानाही आहे आणि अपारंपरिक ऊर्जा स्रोतही. क्षेत्र एक हेक्टरपेक्षा कमी असावं, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. या अटी पाळल्या तर परवानगी विभागीय वनाधिकाऱ्यांच्या पातळीवरच मिळते. ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांक आणि क्षेत्रफळ नीट लिहा, कारण फाइल परत येते ती बहुतेक त्यावरूनच.

पैसा कुठून

जिल्हा वार्षिक योजना हा पहिला रस्ता, आणि आदिवासी तालुक्यात तिचा आदिवासी घटक. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पीआयपी (कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा) हा दुसरा. २०२२-२४ पासून तो दोन वर्षांसाठी बनतो, त्यामुळे एकदा मागणी राहून गेली की पुढची संधी लांब जाते. जिल्ह्याची आकडेवारी गोळा होत असतानाच आपलं केंद्र यादीत आहे का, हे तालुक्याला विचारत राहा.

पेसा (अनुसूचित, म्हणजे आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध (कामाचं बंधन नसलेला) निधी थेट मिळतो आणि आरोग्यावर तो खर्च करता येतो. पूर्ण यंत्रणा त्यात बसली नाही, तरी बॅटरी बदलण्याची तरतूद बसते. ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात नोंदवून घ्या. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड वस्त्यांसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना, आणि आदिवासी गावांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं धरती आबा अभियान, यांतही ग्रिड न पोहोचलेल्या ठिकाणी सौर वीज देण्याची सोय आहे. त्याची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि महाऊर्जाच्या (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या) विभागीय कार्यालयात करावी.

धर्मादाय संस्थेचा दवाखाना असेल तर कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीचा मार्ग आहे. त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, आणि आयकर कायद्याखालची १२-अ आणि ८०-जी नोंदणी लागते.

मंजुरीनंतर

निधी ठरला की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश या क्रमाने फाइल चालते. तांत्रिक बाजूसाठी महाऊर्जाचा सल्ला घेतला जातो. या टप्प्यात तुमच्या हातात फार काही नसतं, पण अंदाजपत्रक बनत असताना एक पत्र जरूर द्या. त्यात पाच वर्षांची देखभाल निविदेतच असावी, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस यायला हवा ते लिहिलेलं असावं, आणि वॉर्मर आणि प्रसूती खोलीचं वायरिंग वेगळ्या सर्किटवर असावं, असं मागा. वेगळं सर्किट नसेल तर बाहेरच्या हॅलोजनवर बॅटरी संपते आणि आत अंधार होतो.

त्याच सुमारास जनआरोग्य समितीच्या किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठराव घ्या: पॅनेल आठवड्याला कोण पुसणार, नोंदवही कोण ठेवणार, वॉरंटीची कार्डं कुठल्या कपाटात राहणार. पदाचं नाव लिहा, माणसाचं नको, कारण माणसाची बदली होते.

ताबा घेताना घाईने सही करू नका. दिवस मावळल्यावर ठेकेदाराच्या माणसासमोर मेन स्विच पाडा. वॉर्मर, कॉन्सन्ट्रेटर, पंखे आणि दिवे एकदम चालू करा आणि तीन तास तिथेच बसा. दर अर्ध्या तासाला बॅटरीची टक्केवारी वहीत उतरवा, खाली त्याची सही घ्या आणि मगच ताबा पावतीवर आपली सही करा.