मॉर्फिनला घाबरून पेशंटला दुखत ठेवू नका

मॉर्फिनचं, म्हणजे जोरदार दुखण्यावरच्या औषधाचं, नाव काढलं की घरातली मोठी माणसं हमखास दोन गोष्टी बोलतात, एक म्हणजे याची सवय लागेल आणि दुसरी, एवढ्यात कशाला, अगदीच शेवटी बघू. आणि मग पेशंट रात्रभर कण्हत असतो अन् गोळ्या कपाटात तशाच. कॅन्सरच्या घरांमधून हे इतकं चालतं की खरंच जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मॉर्फिन मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं, त्यामुळे दुखण्याचा सिग्नल मंदावतो. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही. दुखणं एकदा चढलं की खाली आणायला फार त्रास होतो. मधेच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यायचं.

सवयीचं म्हणाल तर काही आठवड्यांत शरीर औषधाला सरावतं हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. पण व्यसन वेगळं, नुकसान होतंय हे दिसत असूनही माणूस त्याच्यामागे धावतो ते व्यसन, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी मोजून गोळ्या घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते क्वचितच दिसतं. डोस वाढवावा लागला तर बहुतेक वेळा आजारच पुढे सरकलेला असतो.

सुरुवातीची मळमळ, गुंगी काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, कारण तेच रिसेप्टर आतड्यातही असतात आणि औषधाने आतड्याची हालचालच थंडावते, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. इथे आपल्याकडे लगेच इसबगोल दिलं जातं, ते नको, कारण पेशंट पाणी कमी पीत असेल तर ते आत घट्ट होऊन बसतं. डॉक्टर देतात ते आतडं हलवणारं औषध असतं, सोनामुखीसारखं. किडनी कमजोर असेल तर तेही आधी सांगा, मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात आणि पेशंट फार झोपाळू होतो, अंगाला झटके येतात.

आता मुळात ही गोळी मिळायलाच त्रास का होतो? मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि भारतात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर हॉस्पिटलांना वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागायचे, मग बऱ्याच जणांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, 2014 साली कायदा बदलला, आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मंजुरी पुरते. तरी साध्या मेडिकलमध्ये ती सहसा मिळत नाही, पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, विभाग असलेल्या ठिकाणीच विचारावं लागतं.

आणि हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो. बोस्टनमधला 2010 चा एक अभ्यास आहे, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले 151 पेशंट, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, आणि शेवटी शेवटी जड ट्रीटमेंट कमी होऊनसुद्धा ते साधारण 11.6 महिने जगले, बाकीचे 8.9. एका अभ्यासावरून आयुष्य वाढतंच असं कुणी म्हणू नये, पण ‘तिकडे पाठवलं म्हणजे हात टेकले’ ही समजूत तरी सोडायला हवी. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून, तिथे पैसे घेत नाहीत आणि घरचं माणूस सोबत राहून सगळं शिकून घेतं.

शिकण्यासारखं खूप असतं. दम लागला की छोटा पंखा चेहऱ्यावर, नाकागालांवर वारा येईल असा धरायचा, बऱ्याच जणांना त्यानेच बरं वाटतं. अगदी शेवटच्या दिवसांत भूक जाते तेव्हा बळेबळे घास भरवू नका, शरीराला ते अन्न वापरताच येत नसतं आणि ठसका लागायची भीती असते, ओल्या कापसाने ओठ-तोंड ओलं ठेवलं तरी आराम पडतो. आणि ज्या सुनेवर किंवा मुलीवर हे सगळं पडलंय तिच्यासाठी आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्या कुणीतरी जागायच्या, हे घरात बसून आधीच ठरवा, पेशंटच्या गोळ्यांच्या वेळा ठरवता तसंच.