कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज : अर्ज, कागदपत्रं आणि अर्जानंतरची कामं

बारावीतल्या मुलाने कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षं शिकून मग विद्यापीठात जाता येतं अशा कॉलेजचा, विचार बोलून दाखवला की घरात पहिला प्रश्न येतो, "प्रवेश मिळेल ना?" मिळेल. राज्यातल्या ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजांना कटऑफ नाही, एसएटी नाही, निबंध नाही आणि अर्जाला फीही नाही. हायस्कूलचा डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीची परीक्षा, नाहीतर १८ वर्षं पूर्ण, एवढीच अट. नर्सिंगसारख्या काही अभ्यासक्रमांची निवड वेगळी होते. बाकी डोकं चालवायचं ते अर्जानंतरच्या कामांत, आणि नेमकी तिथेच ढिलाई होते.

अर्ज सीसीसीअप्लाय या संकेतस्थळावर भरायचा. आधी ओपनसीसीसीचं खातं उघडावं लागतं. ते मुलाच्या नावाने आणि मुलाच्याच ईमेलवर उघडा. शाळेचा ईमेल देऊ नका, ग्रॅज्युएशननंतर तो बंद होतो. आणि आईचा तर मुळीच नको. जवळ ठेवायच्या गोष्टी : सोशल सिक्युरिटी नंबर (नसेल तर 'नाही' म्हणायची सोय आहे), गेल्या दोन वर्षांतले पत्ते, व्हिसा किंवा ग्रीन कार्डाचा तपशील, शाळेची माहिती. तासाभरात काम होतं. पण आर्थिक मदतीच्या पैशांवर डोळा ठेवून केलेले बनावट अर्ज हल्ली एवढे येतात की खरा अर्जही कधी तपासणीत अडकतो. दोन-चार दिवसांत कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक आला नाही तर आधी स्पॅम फोल्डर बघा, मग प्रवेश कार्यालयाला फोन करा.

फॉर्ममधला सगळ्यात महागडा भाग रेसिडेन्सीचा. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे तिमाही पद्धतीवर चालतात, तिथे ३१. रहिवासी न ठरल्यास त्यावर युनिटमागे आणखी काहीशे डॉलर. सत्र सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य हवं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसायला हवा : राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार, गाडीची नोंदणी. १८ पूर्ण न झालेल्या मुलाचं वास्तव्य आईवडिलांवरून ठरतं. नुकतीच १८ पूर्ण झाली असतील तर मुलाची आणि आईवडिलांची, दोन्ही कागदपत्रं काढून ठेवा.

आपल्याकडे एच-४ वरची, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावरची, मुलं बरीच. व्हिसावर आहोत म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची फी, असा समज आहे. तो चूक आहे. एच-१बी आणि एच-४ वर कॅलिफोर्नियाचा रहिवासी होता येतं. आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) यांच्या प्रती सोबत ठेवा. मात्र २१ व्या वर्षी एच-४ संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं तर रहिवासी फीचा दर टिकेलच असं नाही. दोन वर्षं कॉलेज आणि मग ट्रान्सफर, म्हणजे विद्यापीठात पुढच्या वर्षांना प्रवेश, हा हिशोब मांडताना ही तारीख कॅलेंडरवर आधी लिहा, आणि इमिग्रेशन वकिलाला वेळेत विचारा.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरायचाच. एरवी तो ऑक्टोबरमध्ये खुला होतो. कॅलिफोर्नियात बारावीच्या विद्यार्थ्याला तो, ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज (मुख्यतः वैध कागदपत्रं नसलेल्यांसाठीचा) किंवा 'आम्हाला नको' असा फॉर्म, यांपैकी एक द्यावाच लागतो. "आपलं उत्पन्न जास्त, काय मिळणार" म्हणून सोडून देऊ नका. पहिली दोन वर्षं पूर्णवेळ शिकणाऱ्यांना फी माफ करणारी प्रॉमिस योजना बऱ्याच कॉलेजांत आहे, आणि तिला फाफ्सा लागतो, उत्पन्न कितीही असो. एच-४ वाल्यांना फाफ्साची मदत मिळत नाही.

अर्जानंतर ओरिएंटेशन, प्लेसमेंट (कोणत्या पातळीचा वर्ग घ्यायचा ते ठरवणं) आणि काउन्सेलरसोबत एज्युकेशन प्लॅन. हे तिन्ही उरकलेल्यांना नोंदणीची तारीख लवकर मिळते. न केलेल्यांच्या वाट्याला उरलेले वर्ग येतात, म्हणजे गणित रात्री आठला. प्लेसमेंटला आता परीक्षा नसते. हायस्कूलचे गुण आणि विषय बघतात. एपीचे (हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) गुण कॉलेज बोर्डाकडून थेट पाठवा.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा वर्ग घेणं, म्हणजे ड्युअल एनरोलमेंट, ही उत्तम तयारी. त्याला पालकांची संमती आणि शाळेची सही लागते; ११ युनिटपर्यंतची फी सहसा माफ असते. पण फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमचा राहतो, आणि पुढे यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट दाखवावं लागतं.

ट्रान्सफरचं गणित लवकर मांडावं लागतं ते असं. २०२६ च्या फॉलमध्ये (शरद सत्रात) सुरुवात केलेल्या मुलाला २०२८ मध्ये यूसीत जायचं असेल, तर हमी प्रवेशाचा टॅग अर्ज सप्टेंबर २०२७ मध्येच भरायचा. तोवर ३० सेमिस्टर युनिट (क्वार्टरची ४५) झालेले हवेत. हातात जेमतेम एक वर्ष. टॅग डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच ठिकाणी आहे. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यांत नाही. काही मेजर (पदवीचे मुख्य विषय) टॅगबाहेर असतात, आणि इंजिनिअरिंग-कॉम्प्युटरवाल्यांनी तर हे नक्की तपासावं. कोणता वर्ग कुठे धरला जातो हे असिस्ट डॉट ऑर्गवर दिसतं. मुलाने एज्युकेशन प्लॅनच्या भेटीला जाताना तो तक्ता छापून न्यावा. सामान्य शिक्षणाचे विषय निवडताना कॅल-गेटसी हा आराखडा विचारा, २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोन्हींना तोच चालतो.

शेवटचं, पालकांसाठी. मूल कॉलेजात शिकू लागलं की, १८ पूर्ण नसली तरी, फेर्पा या गोपनीयतेच्या कायद्याने त्याची शैक्षणिक नोंद त्याची असते. काउन्सेलर तुम्हाला फोनवर ग्रेड सांगणार नाही. माहिती हवी असेल तर मुलाने माहिती देण्याच्या संमतीचा फॉर्म सही करून द्यायचा. तो प्रवेश कार्यालयात मिळतो.