हैतीचे पत्राशिल्प

तेलाच्या रिकाम्या पोलादी पिंपाचा पत्रा सपाट करून त्यावर छिन्नी-हातोड्याने आकृत्या कापण्याची, हैती या कॅरिबियन देशातील लोककला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या ईशान्येस सुमारे १३ किमी.वर क्रवा-दे-बुके हे गाव असून तेथील नोआय ही वस्ती या कलेचे मुख्य केंद्र होय. स्थानिक क्रेऑल भाषेत या कामाला ‘फे देकुपे’ (कापलेले लोखंड) आणि ते करणाऱ्याला ‘बॉस मेटाल’ म्हणतात. सुतार, गवंडी, लोहार अशा कोणत्याही कसबी माणसाला हैतीत आदराने ‘बॉस’ म्हणण्याची रीत आहे.

कॅरिबियन कलेवर लिहिणारे हैतीच्या चित्रकारांना पानेच्या पाने देतात आणि पत्राशिल्पाची बोळवण पर्यटकांनी घरी न्यायच्या वस्तूंमध्ये करतात. मत्स्यकन्या, झाड, हसरा सूर्य अशा रूपांत ही शिल्पे जगभरच्या दिवाणखान्यांत टांगलेली असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक असले, तरी त्यांची सुरुवात गावच्या दफनभूमीतल्या क्रुसांपासून झाली. ती लक्षात घेतल्याशिवाय या कलेची घडण कळत नाही.

हैतीत कबरीवर लोखंडी क्रूस उभारण्याची जुनी चाल आहे. गावचा लोहार सळया तापवून, वाकवून, ठोकून त्यांना वेलबुट्टी काढतो. वरवर हा क्रूस ख्रिस्ती असतो; पण हैतीतला सामान्य माणूस चर्चमध्ये जातो तसाच वोडू धर्मही पाळतो. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी सोबत आणलेल्या श्रद्धा आणि कॅथलिक संतांची पूजा यांच्या मिश्रणातून हा धर्म आकाराला आला. त्यातील देवतांना ‘लवा’ म्हणतात. मृतांचा धनी बारों हा त्यांपैकी एक. दफनभूमीत सर्वांत आधी पुरलेल्या पुरुषाची कबर बारोंची समजली जाते. तिच्यावरील क्रुसापुढे मेणबत्त्या लावतात, रम ओततात. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, गेदे या मृतांच्या सणाला, तेथे गर्दी उसळते. म्हणजे लोहार जो क्रूस घडवी त्याला दोन्ही धर्मांत गिऱ्हाईक होते, आणि बहुतेक वेळा ते एकच गिऱ्हाईक असे. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर ‘अंधश्रद्धाविरोधी’ मोहीम काढली. वोडूचे ढोल आणि पूजासाहित्य तीत नष्ट झाले. क्रूस अर्थातच या मोहिमेच्या रोखात येण्याचे कारण नव्हते.

असे क्रूस घडवणाऱ्यांपैकी जॉर्ज लिओतो (जन्म १८९९) हे क्रवा-दे-बुकेचे लोहार. भोवतालचे मैदान उसाचे. साखर कारखान्याच्या रेल्वेवर दुरुस्तीची कामे, शेतीची अवजारे, गुरांना डागायचे लोखंडी शिक्के अशी लोहाराला लागतील ती सारी कामे त्यांनी केली. कबरीचे क्रूस हा त्याच धंद्याचा भाग होता. १९५३ मध्ये ड्यूइट पीटर्स यांच्या नजरेस हे क्रूस पडले. पीटर्स हे अमेरिकन जलरंगचित्रकार. इंग्रजी शिकवण्यासाठी हैतीत आलेल्या या गृहस्थांनी १९४४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला ‘सांत्र दार’ हे कलाकेंद्र सुरू केले होते. रोजच्या वापरातल्या गोष्टींत कलावंत हेरण्याची त्यांची सवय जुनीच होती. एक्तोर इपोलित या पुढे विख्यात झालेल्या चित्रकाराचा माग त्यांना रस्त्यालगतच्या एका मद्यालयाच्या रंगवलेल्या दारावरून लागला होता. लिओतोंकडून त्यांनी आधी लहान क्रूस करून घेतले, मग माणसे, जनावरे, देवता. पन्नाशी उलटल्यावर लोहाराचा शिल्पकार झाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात भरलेल्या ‘माजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात लिओतोंची शिल्पे मांडली गेली.

या घटनेला सर्रास ‘लिओतोंचा शोध’ म्हटले जाते. ते फारसे बरोबर नाही. क्रूस उघड्यावर उभे होते, आणि ते कोणी केले हे गावात विचारायचीही गरज नव्हती. पीटर्स यांच्यामुळे बदलले ते गिऱ्हाईक. आप्ताच्या कबरीसाठी क्रूस मागणाऱ्या कुटुंबाच्या जागी कलाकेंद्र, परदेशी संग्राहक आणि पर्यटक आले. सही, तारीख, किंमत, प्रदर्शन यांची नोंद तेव्हापासूनची मिळते. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या क्रूस घडवणाऱ्या लोहारांची नावे मात्र कुठल्याही संग्रहालयाच्या वहीत सापडत नाहीत, आणि या कलेच्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

सळयांच्या घडीव कामाकडून लिओतो सपाट पत्र्याकडे वळले आणि त्यासाठी त्यांना पिंप सापडले. सुमारे २०० लिटरचे हे पिंप तेल, रसायने वगैरे घेऊन बंदरात येते. कोऱ्या पत्र्याच्या मानाने ते स्वस्त पडे, आणि पत्रा हातछिन्नीने कापता येईल इतका पातळ पण उठाव दिला तर आकार धरून ठेवील इतका जाड असे.

काम असे चालते. पिंपाची दोन्ही गोल तोंडे छिन्नीने कापून वेगळी करतात. ती टाकून देत नाहीत, त्यांतून सूर्य, चेहरे, आरशाच्या चौकटी होतात. मग पिंपात केळीची वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट कोंबून पेटवतात. आतले तेल आणि बाहेरचा रंग जळून पत्रा काळपट, कोरडा होतो. थंड झाल्यावर पिंप उभे चिरतात आणि कारागीर त्यात शिरून अंगाच्या जोराने ते उलगडतो. उरलेला बाक हातोड्याने काढतो. हाती येतो तो साधारण १.८ मी. लांब व ०.९ मी. रुंद तुकडा. त्यावर खडूने नक्षी काढतात किंवा पुठ्ठ्याचा साचा ठेवून गिरवतात. त्यानंतर वेगवेगळ्या रुंदीच्या छिन्न्या आणि जड हातोडा एवढ्याच हत्यारांनी कापणी होते. गॅसची ज्योत नाही, वीज नाही. नोआयमध्ये शिरणाऱ्याला गाव दिसण्याआधी ही ठोकाठोक ऐकू येते. आकृती सुटी झाली की मागच्या बाजूने ठोकून पुढे उठाव देतात, बारीक छिन्नीने खवले, पिसे, केसांच्या बटा उमटवतात, कडा कानसतात, छिन्नीनेच सही कोरतात आणि गंज धरू नये म्हणून वरून रोगणाचा हात देतात.

सगळे शिल्प एकाच अखंड पत्र्यातून निघते, जोडकाम जवळजवळ नसते. त्यामुळे कापून काढलेल्या जागेइतकेच, काय शिल्लक ठेवायचे याला महत्त्व येते. सुटा पक्षी हवेत ठेवता येत नाही; त्याची चोच, शेपटी किंवा पंख कशाला तरी चिकटलेला हवा. म्हणून मत्स्यकन्येचे केस मासोळ्यांत मिसळतात, झाडाच्या फांदीला पक्ष्याची मान फुटते, एका माणसाच्या पोटातून दुसरा डोकावतो. समीक्षक या गुंतागुंतीला स्वप्नसृष्टी, अतिवास्तववाद वगैरे म्हणतात. वोडूच्या जगात माणूस, प्राणी आणि देवता एकमेकांत शिरतात हे खरेच आहे. तरी या रूपांचा निम्मा उगम पत्र्याच्या अटीत आहे असे म्हणायला हरकत नाही. म्युरा ब्रिएर (१९३८–८८) यांनी ही अट सर्वांत धीटपणे वापरली. त्यांच्या शिल्पांत देहात देह असतात, आणि एक कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण जाते.

आकृत्यांचा मोठा साठा वोडूतून आला आहे. पूजेच्या वेळी ऊंगान हा पुरोहित मक्याच्या पिठाने जमिनीवर ‘वेवे’ नावाची रेखाकृती काढतो. प्रत्येक लवाची वेवे वेगळी: एर्झुलीचे हृदय, दांबालाचे साप, समुद्राची देवता आग्वेची नौका. चिमटीतून पीठ सोडत रेघ ओढण्याची पद्धत पाहून मराठी माणसाला रांगोळीच आठवेल. फरक एवढाच की वेवेवरून भक्त नाचतात आणि विधी संपेपर्यंत ती पुसली जाते. जमिनीवर तासाभरात विरणाऱ्या याच आकृत्या पत्र्यात कायमच्या होतात. ला सिरेन ही मत्स्यकन्या लिओतोंनी पुन्हा पुन्हा कापली. लोखंडाशी थेट नाते असलेला लवा म्हणजे ओगू. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या ओगुन या लोहदेवतेचे हे हैतीतले रूप, लोहारांचा आणि लढवय्यांचा पाठीराखा. देवळाच्या आवारात त्याच्या नावाने जाळ पेटवून त्यात लोखंडी सळई खोचून ठेवतात. गिऱ्हाइकाला मात्र हे काही ठाऊक असावे लागत नाही; एर्झुलीचे हृदय परदेशात प्रेमाची भेटवस्तू म्हणून खपते, आणि विकणाराही सहसा समजावत बसत नाही.

लिओतोंच्या हाताखाली जानविए, जोसेफ आणि सेरेझिए हे लुईजुस्त बंधू शिकले. त्यांच्याकडून पुढची पिढी. त्यांतील सेर्ज जोलिमो (जन्म १९५२) यांची रेष नितळ, लांबसडक आणि नजाकतीची, तर गाब्रिएल बियानेमे (जन्म १९५१) पत्र्याच्या पट्ट्या दुमडून-वळवून शिल्प भिंतीपासून पुढे आणतात. शाळा, अभ्यासक्रम असे काही नव्हते. पोरगा आधी पिंपे जाळायचा, पत्रे ठोकायचा, मग कानस चालवायचा आणि बऱ्याच काळाने त्याच्या हाती छिन्नी यायची. एका अंगणात गुरूचा साचा पाच-सहा जण कापत असत. सही कोणाची आणि हात कोणाचा हा प्रश्न त्यामुळे संग्राहकांना छळतो, नोआयला फारसा नाही. या अंगणांत पुरुषांचेच राज्य राहिले आहे.

१९७० च्या दशकात हैतीत पर्यटन बहरले आणि नोआयमधील अंगणे वाढली. १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने व राजकीय अस्थैर्याने पर्यटक आटले, तेव्हा माल निर्यातीवर जगू लागला. मोठ्या, एकमेव शिल्पांपेक्षा भराभर कापता येतील असे पक्षी, पाली, सूर्य आणि ‘जीवनवृक्ष’ यांची मागणी आली, मग भडक रंगांनी रंगवलेल्या तुकड्यांची. याच सुमारास ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे बिरुदही चिकटले. परदेशी विक्रेत्याच्या दृष्टीने ते सोयीचे असले तरी कारागिराच्या बाजूने पाहता गैरलागू आहे. पिंप हा त्याच्यासाठी कचरा कधीच नव्हता. तो पैसे मोजून घेतलेला कच्चा माल होता आणि आहे. कामाचा कस मागणीने उतरला, ही तक्रार निम्मीच खरी मानावी. शेकडो पाली कापणाऱ्या अंगणातूनच अधूनमधून विलक्षण शिल्प निघते, आणि पालींच्या पैशावर ते निघते.

पत्राशिल्प हैतीत एकटे नाही. रस्त्यावर धावणाऱ्या ‘टॅप-टॅप’ या रंगीबेरंगी प्रवासी गाड्यांवर बायबलची वचने आणि फुटबॉलपटू व संत यांच्या चित्रांची दाटी असते. वोडूचे ध्वज हजारो टिकल्या-मण्यांनी भरतात. लग्नाच्या पोशाखांच्या कारखान्यात मणीकाम शिकलेल्या मिर्लांद कोंस्तां यांनी त्यांना भव्य चित्रांचे रूप दिले. राजधानीच्या ग्रां-र्यू भागातील ‘आतिस रेझिस्तांस’ या गटाने मोटारींचे सुटे भाग, लाकूड, टायर यांतून उग्र शिल्पे उभारली आणि २००९ पासून ‘घेट्टो बिएनाले’ हे दर दोन वर्षांचे कलाप्रदर्शन भरवले. २०२२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्याला जागा मिळाली. यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र नोंद व्हावी असा ऐवज आहे.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपात सांत्र दारची इमारत कोसळली. संग्रहातील बरीच कामे ढिगाऱ्यातून काढावी लागली. त्यानंतर अमेरिकेतील मेसीज या दुकानसाखळीने ‘हार्ट ऑफ हैती’ या नावाने हैतीच्या हस्तकला विकायला घेतल्या आणि पत्राकामाला काही काळ चांगले दिवस आले. पुढे मात्र क्रवा-दे-बुकेचा परिसर ‘४०० मावोझो’ या सशस्त्र टोळीच्या कब्जात गेला. रस्ते असुरक्षित झाले, खंडणी आणि अपहरणे वाढली, गिऱ्हाईक गावात येईनासे झाले आणि अनेक कारागिरांना घरदार सोडावे लागले. पिंपे बंदरातून गावापर्यंत आणणे आणि तयार माल बंदरापर्यंत पोचवणे, ही दोन्ही टोके त्याच रस्त्यांवर अवलंबून आहेत.

हैतीबाहेर ही शिल्पे पाहायची तर अमेरिकेच्या आयोवा राज्यातील वॉटरलू येथील कलाकेंद्रात हैतीच्या कलेचा मोठा संग्रह आहे. विकत घेणाऱ्याने तुकडा उलटा करून पाहावा. हाताने कापलेल्या पत्र्याची कड छिन्नीच्या लहान लहान टप्प्यांनी किंचित दातेरी असते, पाठीवर ठोक्यांचे खळगे दिसतात आणि पुष्कळदा पिंपाच्या वळ्यांचा पुसट उंचवटा हातोड्यालाही न जुमानता शिल्लक राहिलेला असतो. यंत्राने कापलेल्या पत्र्याची कड सगळीकडे सारखी आणि पाठ कोरी असते.