नवं सॉफ्टवेअर शिकताना आधी माहिती वाचावी की थेट हात घालावा?

साध्या यंत्रमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तर माग थांबतो. ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला आणि ते ओळखणारी यंत्रणा नसेल, तर माग विणतच राहतो आणि दोष चादरीत दिसतो. सॉफ्टवेअरच्या चुकाही याच दोन जातींच्या. ओरडणारी चूक करत करत शिकता येते. गप्प राहणारीसाठी मात्र आधी वाचावं लागतं.

सोलापुरातल्या टॉवेलच्या पेढीवर एक्सेलमध्ये दरपत्रक आहे असं समजा. दिवाणजी व्हीलुकअप (VLOOKUP) हे शोधायचं सूत्र वापरून मालाच्या क्रमांकावरून दर आणतात. या सूत्राला चार गोष्टी लागतात: काय शोधायचं, कुठे, कितव्या स्तंभातून आणायचं, आणि नेमकंच हवं की जवळचंही चालेल. चौथी लिहिली नाही, तरी सूत्र चालतं. गोम तिथेच आहे. एक्सेल तेव्हा 'जवळचं चालेल' असं धरतं आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असंही मानतं. यादीत 104 नंतर थेट 110 असेल आणि तुम्ही 107 विचारलंत, तर 104 चा दर मुकाट्याने बिलात येतो. यादी क्रमाने नसेल तर काय येईल याचा भरवसाच नाही. चौथ्या जागी शून्य लिहा, म्हणजे नसलेल्या क्रमांकाला ते चूक दाखवेल. (नव्या एक्सलुकअप (XLOOKUP) सूत्रात काही लिहिलं नाही तर नेमकंच शोधलं जातं. उशिरा सुचलेलं शहाणपण!)

बँक खात्याचा 16 अंकी क्रमांकही असाच फसवतो. एक्सेल संख्येचे 15 च अंक जपतं, सोळाव्याचं शून्य करतं. रकाना टंकण्याआधीच 'टेक्स्ट' करायचा. नंतर केलात तर गेलेला अंक परत येत नाही.

जाड पुस्तिका कोणी वाचत नाही, हे जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या संगणक-वापराच्या अभ्यासकांनी 1987 साली मांडलं. माणसाला काम उरकायचं असतं, शिकायचं नसतं. हा काही आळस नव्हे. म्हणून सगळं वाचूच नका. फाइलची प्रत काढा, उत्तरं ठाऊक असलेल्या दहा ओळी भरा आणि त्यात एक क्रमांक मुद्दाम खोटा घाला. मग सूत्र टंकताना खाली दिसणारी सूचना पाहा. चौकटी कंसातल्या गोष्टी ऐच्छिक असतात, आणि त्या सोडल्या तर एक्सेल काय गृहीत धरतं, तेवढंच मदतीच्या पानावर शोधा. त्याला पाच मिनिटं पुरतात.