स्वस्त टॅब कुठे काटकसर करतो?

मुलांच्या अभ्यासाला दहा-बारा हजारांचा टॅब पुरेल का, हा प्रश्न मुंबईतल्या घराघरांत निघतो. त्याचं उत्तर शोधायला विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी 'आकाश' टॅबपर्यंत मागे जावं लागतं.

५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत हा सात इंची टॅब सादर केला. डेटाविंड कंपनीचा हा टॅब सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. पण खरं दुखणं पडद्याचं होतं. तो रेझिस्टिव्ह होता: वरचा पातळ थर दाबून खालच्या थराला टेकला, तरच स्पर्श कळायचा. अलगद बोट फिरवून भागत नसे, नखाने दाबावं लागे. पान उलटायला एवढा खटाटोप असेल, तर मूल त्यावर धडा वाचणार कसा?

पुढे 'आकाश' सुधारण्याचं काम पवईच्या आयआयटीकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला. किंमत जवळपास तेवढीच, पण पडदा कपॅसिटिव्ह, म्हणजे अलगद स्पर्शही ओळखणारा, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा आणि रॅम दुप्पट. या सुधारणेला मिळायला हवी होती तेवढी दाद मिळाली नाही, असं मला मनापासून वाटतं.

२०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. पुस्तकं आतच भरलेली, त्यामुळे दप्तराचं ओझं कमी होणार होतं. कल्पना चांगलीच होती. पण २०१८ मध्ये बालभारतीची आठवीची पुस्तकं बदलली आणि आत भरलेले धडे जुने झाले. टॅबवर एकदाच पैसे खर्चून भागत नाही, त्यातला मजकूर आणि सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. तो खर्च खरेदीच्या वेळी कोणी धरत नाही.

मग २०२०चा लॉकडाऊन. शाळा मोबाइलवर आली, घरात फोन एक आणि मुलं दोन. टॅब ही चैन राहिली नाही.

आजच्या स्वस्त टॅबचा पडदा मोठा आणि स्वच्छ असतो, बॅटरीही दमदार. पीडीएफ वाचायला, व्हिडिओवरचे तास बघायला तो उत्तम. काटकसर आता डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी गेली आहे. ३२ जीबी स्टोरेज असेल, तर त्यातला बराच भाग अँड्रॉइड आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप्सच खातात. स्टोरेज बहुधा संथ ईएमएमसी जातीचं, त्यामुळे ते भरत आलं की साधं अ‍ॅप उघडायलाही वेळ लागतो. त्यात अपडेट लवकर थांबले, तर काही वर्षांनी नवी अ‍ॅप्स त्यावर चालेनाशी होतात.

म्हणून किमान ६४ जीबी स्टोरेज आणि मेमरी कार्डाची जागा असलेलाच घ्यावा. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघावी. तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली आणि नवा अपडेटही मिळत नसेल, तर कितीही सूट असली तरी दुसरं मॉडेल दाखवायला सांगावं.