पाणघोड्याला रक्ताचा घाम फुटत नाही

बोट्स्वानातील कसाने गावाहून चोबे नदीत निघणाऱ्या संध्याकाळच्या बोटफेरीत काठावर चढलेला पाणघोडा दिसला, की त्याच्या कातडीवरचा तांबूस ओघळ पाहून ‘याला रक्ताचा घाम फुटतो’ असे कोणीतरी हमखास सांगते. ही समजूत फार जुनी असली तरी तो ओघळ रक्ताचा नाही आणि काटेकोरपणे पाहिल्यास घामाचाही नाही. कातडीतील खास ग्रंथींतून पाझरणारा हा चिकट द्रव सुरुवातीला रंगहीन असतो, काही मिनिटांत लाल होतो आणि पुढे तपकिरी पडतो. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये त्यातील लाल आणि नारिंगी अशी दोन रंगद्रव्ये ओळखली. ती अतिनील किरण शोषून घेतात, शिवाय लाल द्रव्य काही जिवाणूंची वाढही रोखते. दिवसभर गढूळ पाण्यात डुंबणाऱ्या आणि अंगावर जेमतेम केस असलेल्या प्राण्याला याहून सोयीचे मलम क्वचितच मिळाले असते. अर्थात, खरे रक्तही कधीकधी दिसते. नरांच्या झुंजीत सुळ्यांनी झालेल्या जखमा लांबट आणि फाटलेल्या असतात, तर हा द्रव सुटे थेंब होऊन उमटतो आणि मग पसरतो. दुर्बीण जवळ असल्यास हा फरक बोटीवरूनही ओळखता येतो.